लाकडी सांगाडा, पोलादी रूळ

अमेरिकेतल्या ओहायो राज्यात, ईरी सरोवराच्या काठी असलेल्या ‘सीडर पॉइंट’ या मनोरंजन उद्यानात १९६४ सालचा लाकडी रोलर कोस्टर ‘ब्लू स्ट्रीक’ आहे आणि २००० सालचा ३१० फुटी ‘मिलेनियम फोर्स’ही. पण उंचीचं कौतुक किती करायचं? मला त्याहून भारी वाटते ती ‘मीन स्ट्रीक’ची गोष्ट. १९९१मध्ये उभारलेला हा लाकडी रोलर कोस्टर हादऱ्यांसाठीच बदनाम होता. थरार कमी, मणक्यांची परीक्षा जास्त. २०१६मध्ये तो बंद केला, पण मुळासकट उपटला नाही. जुन्या लाकडी सांगाड्याचा बराच भाग ठेवून त्यावर पोलादी रूळ चढवले आणि २०१८मध्ये ‘स्टील व्हेन्जन्स’ सुरू झाला. आता गाडी चारदा उलटी होते आणि लोक पुन्हा रांगेत उभे राहतात!