वकिलांची श्रीमंती येते कोठून?

वकील म्हणजे पैसाच पैसा, अशी समजूत आपल्या दुकानदार व कारागीर बांधवांत घट्ट बसलेली आहे. पिंपळगाव राजाहून खामगावच्या कोर्टात चार तारखा करून आलेला माणूस तर हमखास हेच सांगतो. वास्तविक काळा कोट घातलेल्या प्रत्येकाचा बंगला नसतो. नवे वकील कित्येक वर्षे ज्येष्ठांच्या हाताखाली तुटपुंज्या पैशांवर काढतात. मूठभर वकील मात्र अफाट श्रीमंत होतात, आणि ते कसे होतात हे व्यापाऱ्याने समजून घेण्यासारखे आहे.

सुताराला दरवाजाची मजुरी लाकूड आणि मेहनत पाहून मिळते. त्या दरवाजाआड किती तिजोऱ्या आहेत हे पाहून मिळत नाही. वकिलीत नेमके उलटे आहे. अशिलाचे किती पणाला लागले आहे, यावर फी ठरते. पन्नास हजारांच्या उधारीत आणि पन्नास कोटींच्या व्यवहारात कायद्याचा मुद्दा एकच असू शकतो, फी एक नसते. सुप्रीम कोर्टातील नामांकित वकील एकेका तारखेला लाखो रुपये घेतात ते यामुळे. त्यांच्यापैकीच एक हरीश साळवे २०१७ साली कुलभूषण जाधव प्रकरणात भारत सरकारतर्फे १ रुपया घेऊन उभे राहिले. तेव्हा फीचा आणि घाम गाळण्याचा संबंध किती, ते वाचकांनीच ठरवावे.

याचा जुना दाखला आपल्या वऱ्हाडातच आहे. १८६१ ते १८६५ या काळात अमेरिकेत यादवी युद्ध पेटले आणि येथील कापसाला सोन्याचे मोल आले. १८७० मध्ये खामगावला रेल्वे आली. त्याच सुमारास जमिनीची मोजणी होऊन ती विकता आणि गहाण टाकता येऊ लागली. पैसा आला, सावकारी आली, गहाणखते आली, आणि त्यांच्या पाठोपाठ दावे आले. अमरावतीचे दादासाहेब खापर्डे यांनी १८९० मध्ये सरकारी नोकरी सोडून वकिली थाटली ती अशा वऱ्हाडात. पुढे त्यांचा थाट असा झाला की लोक त्यांना वऱ्हाडचे नवाब म्हणत. (हेच खापर्डे टिळकांच्या अपिलासाठी चालती वकिली सोडून १९०८ ते १९१० लंडनला राहिले, हेही सांगितले पाहिजे.) बुद्धी व वाणी त्यांच्याकडे होतीच; पण कापूस नसता तर ती विकत कोणी घेतली असती?

कंपन्यांनी खुशीने दिलेल्या लाखांबद्दल आमची तक्रार नाही. तक्रार आहे ती टक्केवारीची. अपघाताची भरपाई असो की संपादित जमिनीचा मोबदला, 'निकाल लागला की इतके टक्के माझे' असे तोंडी ठरते आणि गरजू माणूस मान डोलावतो. बार कौन्सिलच्या नियमांना हे मंजूर नाही. तेलंगणातील एका विधवेकडून पतीच्या अपघाती मृत्यूच्या भरपाईपोटी वकिलाने १० लाख रुपये फी घेतली, आणि वर आणखी ३ लाखांचा चेक लिहून घेतला. तो वटला नाही म्हणून तिच्यावरच फौजदारी केली. सुप्रीम कोर्टाने डिसेंबर २०१७ मध्ये ती फौजदारी रद्द केली आणि टक्केवारीची फी बेकायदा ठरवली. अशी फी म्हणजे भांडवल न घालता दुसऱ्याच्या दुःखात केलेली भागीदारी होय.

दुसरी अडचण कागदांची. फीचा वाद झाला की खरेदीखत, हिशेबाच्या वह्या वकिलाकडे अडकून पडतात आणि आपला माणूस मुकाट्याने पैसे मोजतो. फी थकली म्हणून अशिलाचे कागद अडवून ठेवता येत नाहीत, असे सुप्रीम कोर्टाने २००० सालीच सांगितले आहे. फी बाकी असेल तर वकिलाने ती वेगळ्या मार्गाने वसूल करावी.

म्हणून वकीलपत्रावर सही करण्याआधी फी पूर्ण केसची की तारखेवारी, हे विचारावे, लिहून घ्यावे आणि पावती मागावी. गिऱ्हाईकाशी भाव ठरवताना न लाजणारा दुकानदार येथेच का लाजतो, हे कळत नाही. आणि रक्कम लहान असेल तर लोकअदालतीचा रस्ता आधी पाहावा. तेथे तडजोड झाल्यास भरलेली कोर्ट फी परत मिळते आणि त्या निवाड्यावर अपील नसल्याने समोरचा माणूस पुढच्या कोर्टात ओढून नेऊ शकत नाही.