इटलीत शिकायचं, पण राहायचं कुणाकडे?

मे 2023 मध्ये मिलानच्या पोलितेक्निको विद्यापीठासमोरच्या चौकात एका विद्यार्थिनीनं तंबू ठोकला आणि तिथेच मुक्काम केला. शहरात परवडेल अशी खोली मिळत नाही, एवढंच तिचं म्हणणं होतं. काही दिवसांत रोम, बोलोन्या, फ्लॉरेन्स इथल्या विद्यापीठांबाहेरही तंबू दिसू लागले आणि विद्यार्थ्यांच्या घरभाड्यावर इटलीभर वाद पेटला.

महाराष्ट्रातून इटलीला निघालेल्या मुलामुलींच्या घरी मात्र बोलणं होतं ते शिष्यवृत्तीचं. त्यात चुकीचं काही नाही. ऐपत नसली तरी गुणवंताला सर्वोच्च शिक्षणापर्यंत पोहोचण्याचा हक्क आहे, असं इटलीच्या राज्यघटनेचं 34वं कलम सांगतं. सरकारी विद्यापीठांची फी कुटुंबाच्या उत्पन्नावर ठरते आणि प्रांतांच्या शिष्यवृत्त्या भारतीय विद्यार्थ्यांनाही मिळू शकतात. इंजिनिअरिंग, डिझाइन, आर्किटेक्चरचे इंग्रजीतले मास्टर्स अभ्यासक्रम आता भरपूर आहेत. अमेरिका-इंग्लंडच्या खर्चानं धास्तावलेल्या पालकांना इटली आवडू लागली, ती यामुळेच.

राहण्याचं काय, या प्रश्नाला मात्र ठरलेलं उत्तर मिळतं: ‘आपली मुलं आहेत तिथे, होईल सोय.’ सोय होतेही. चार भारतीय मुलं मिळून फ्लॅट घेतात, कुकरच्या शिट्ट्या होतात, वर्गात इंग्रजी आणि घरी हिंदी-मराठी. दोन वर्षं अशी सरली की इटालियनची मजल ‘चाओ’ आणि ‘ग्रात्सिए’पाशीच थांबते. पदवीनंतर नोकरी शोधण्यासाठी वर्षभरापर्यंतचा परवाना मिळू शकतो. पण बऱ्याच कंपन्या मुलाखतीत पहिल्यांदा विचारतात ते इटालियनचंच, आणि तेव्हा ती शिकायला उसंत उरलेली नसते.

म्हणून निदान सुरुवातीचे काही महिने तरी इटालियन कुटुंबात राहावं. हा सल्ला हौसेचा वाटेल, पण परदेशी शिक्षणाचा निम्मा अभ्यासक्रम तिथेच असतो.

असं राहण्याच्या वाटा तीन. शाळकरी मुलांसाठी ‘इंटरकुल्तुरा’ ही संस्था आहे. महायुद्धांत जखमींना वाहून नेणाऱ्या अमेरिकन स्वयंसेवकांतून उभ्या राहिलेल्या ‘एएफएस’ची ती इटलीतली शाखा, 1955 पासूनची. तिच्या यजमान कुटुंबांना पैसे मिळत नाहीत. परक्या देशातलं मूल ती आपणहून घरी ठेवून घेतात. दुसरी वाट भाषाशाळांची. पेरुज्या, सिएना, फ्लॉरेन्स ही परदेशी विद्यार्थ्यांना इटालियन शिकवणारी जुनी गावं. तिथे पैसे भरून कुटुंबात खोली मिळते, कधी नुसत्या नाश्त्यासह, कधी रात्रीच्या जेवणासह. तिसरी वाट इटलीच्या म्हातारपणातून निघाली आहे. देशात पासष्टी ओलांडलेले जवळपास एक चतुर्थांश. मुलं पांगलेली, खोल्या रिकाम्या. मिलानसारख्या शहरांत काही संस्था अशा आजी-आजोबांची आणि विद्यार्थ्यांची गाठ घालून देतात. विद्यार्थ्यानं घरखर्चाचा थोडा वाटा उचलायचा आणि संध्याकाळी सोबत करायची.

घरात पाऊल टाकल्यावर काय शिकायला मिळतं? सगळ्यात आधी वीज. बहुतेक घरांची जोडणी 3 किलोवॅटची. वॉशिंग मशीन चालू असताना कुणी ओव्हन लावला की घर अंधारात. कपडे कधी धुवायचे हे मग घरच्यांना विचारूनच ठरतं. हीटिंगलाही कायद्याची वेसण आहे: मिलानमध्ये ऑक्टोबरच्या मध्यापासून एप्रिलच्या मध्यापर्यंत, दिवसाला जास्तीत जास्त 14 तास आणि तेही 20 अंशांच्या आसपास. थंडी वाजते म्हणून बटण फिरवायची सोय नाही, स्वेटर घालायचा. ओला कचरा, कागद, प्लास्टिक, काच हे सगळं वेगळं आणि प्रत्येकाचा उचलण्याचा वार ठरलेला. एक सुखद धक्काही असतो. युरोपात टॉयलेट पेपरच्या कल्पनेनं धसका घेतलेल्या भारतीय मुलांना इटालियन न्हाणीघरात पाण्यानं धुण्यासाठीचा बिडे दिसतो. 1975 च्या सरकारी आदेशानं तो घरोघरी सक्तीचा केला आहे.

खरी शाळा भरते जेवणाच्या टेबलावर. रात्री आठच्या सुमारास सगळे एकत्र बसतात, टीव्हीवर बातम्या चालू असतात आणि एकाच वेळी तिघं बोलत असतात. पुस्तकातलं संथ, स्वच्छ इटालियन इथे कामाला येत नाही. पहिला महिना मान डोलावण्यात जातो. मग एखाद्या संध्याकाळी मूल मध्येच तोंड घालतं आणि कुणी त्याची चूकही काढत नाही.

शाकाहाऱ्यांची काळजी रास्त आहे, पण उगाच वाढवलेली. डाळी-कडधान्यं घालून केलेले पास्ते घरोघरी होतात. जेनोवाकडची फारिनाता तर हरभऱ्याचं पीठ, पाणी, मीठ आणि ऑलिव्ह तेल यांची. आपल्या धिरड्याची भट्टीत भाजलेली बहीणच. मात्र पार्मेजानो आणि ग्राना पादानो ही चीज वासराच्या जठरातलं रेनेट वापरून बनतात. काटेकोर शाकाहारी आणि जैन मुलांनी हे पहिल्याच दिवशी यजमानांना सांगावं, पाचव्या जेवणानंतर नव्हे.

प्रत्येक यजमान प्रेमळच भेटेल असं नाही. काहींच्या लेखी विद्यार्थी म्हणजे निव्वळ मिळकत. फोडणीचा वास चालत नाही, स्वयंपाकघराला वेळेचं बंधन, पाहुण्यांना मज्जाव, घर विद्यापीठापासून तासाभराच्या अंतरावर, असेही अनुभव येतात. भाषाशाळा किंवा संस्थेमार्फत गेलं तर घर बदलून मागता येतं. परस्पर ठरवलेल्या घरात ती सोय नसते.

कागदपत्रांची बाजू आणखी महत्त्वाची. विद्यार्थ्यानं इटलीत उतरल्यापासून कामकाजाच्या 8 दिवसांत निवास परवान्यासाठी अर्ज करायचा असतो. परदेशी माणूस घरी ठेवणाऱ्यानं 48 तासांत पोलिसांना लेखी कळवणं कायद्यानं बंधनकारक आहे. ‘कागदाचं राहू द्या, रोख द्या’ असं म्हणणारा यजमान टाळावा. आणखी एक मेख शिष्यवृत्तीत आहे. घराबाहेर राहणाऱ्या विद्यार्थ्याला मोठी रक्कम मिळते, पण त्यासाठी साधारणपणे किमान 10 महिने भाडं भरून राहत असल्याचा पुरावा लागतो. कुणाच्या घरी प्रेमापोटी फुकट राहिलं तर तीच रक्कम घटू शकते. त्यामुळे कुटुंबात राहायचं तरी करार नोंदवलेलाच हवा.

इटलीला मुलं पाठवणाऱ्या इथल्या कन्सल्टंटांनी आणि महाविद्यालयांनी ही माहिती व्हिसाच्या फाइलसोबत द्यायला हवी. आज ती मुलांना तिथे पोहोचल्यावर, ठेच लागल्यावर कळते. पालकांनीही पैसे भरण्याआधी तीन प्रश्न विचारावेत: राहण्याचा करार कुणाशी आहे, तो नोंदवलेला आहे का, आणि जमलं नाही तर घर बदलून कोण देणार? मुलांनी निघण्याआधी सहा महिने इटालियन शिकायला बसावं, निदान जेवणाच्या टेबलावर मीठ मागता येईल इतपत.