आजीचा बटवा आणि पडलेला उंदीर

देवळाली प्रवरेच्या आमच्या जुन्या घरात आजीचा बटवा होता. त्यात सुंठ, वेखंड, जायफळ, मुरुडशेंग. साथ आली की ती दाराला कडुनिंबाचे डहाळे बांधी, तिन्हीसांजेला निखाऱ्यावर ऊद टाकी आणि मरीआईला दहीभात पाठवी. पण तिचा सर्वांत मोठा उपाय बटव्यात नव्हताच. ‘घरात उंदीर पडला की भांडी उचलायची आणि मळ्यात झोपडी घालायची,’ असे ती सांगे. प्लेगात तिच्या माहेरचे गाव असेच रानात राहिले होते.

मुंबईत प्लेग उघड झाला १८९६ च्या सप्टेंबरात. उंदरावरची पिसू तो पसरवते, हे पॉल-लुई सिमाँ यांनी प्रयोगाने दाखवले १८९८ मध्ये. खेड्यातल्या माणसांना पिसवेचे ठाऊक नव्हते. पण आधी उंदीर मरतो, मग माणूस, हे त्यांनी डोळ्यांनी पाहिले होते.

घरगुती औषध ही काही आपलीच मिरास नव्हे. सतराव्या शतकात प्रागमध्ये एका ज्यू शस्त्रवैद्याने यिद्दिश या घरच्या बोलीत उपचारांचे पुस्तक छापले. ओडेसाचे हाफकिनही ज्यूच. त्यांनी मुंबईत प्लेगची लस तयार केली आणि १० जानेवारी १८९७ रोजी ती प्रथम स्वतःला टोचून घेतली.

हे आज लिहिण्याचे कारण वेगळे आहे. एप्रिल २०२१ मध्ये थोरल्या बंधूंना ताप आला. त्यांचा फोन आला तेव्हा मीच म्हणालो, ‘अण्णा, आजीचा काढा घ्या, दोन दिवस पाहू.’ दोनाचे पाच दिवस झाले. अण्णा गेले. लवकर नेले असते तर वाचले असते का, हे कोणी सांगू शकणार नाही. काढ्याने अपाय केला नाही; पण त्याच्या भरवशावर आम्ही थांबलो.

बँकेत उभा जन्म गेला. तारण पाहिल्याशिवाय कर्ज दिले नाही. आजीच्या उंदराच्या उपायामागे अनुभवाचे तारण होते. माझ्या काढ्यामागे नुसती माया होती. परंपरेचा अभिमान जरूर असावा, पण तिच्यातले काय पारखलेले आणि काय केवळ धीर देणारे, हा हिशेब ज्याचा त्याने मांडावा. धीर देणारेही घ्यावे, मात्र दवाखान्याच्या वाटेवर.

लहानपणी गावात देवी काढणारा आला की आम्ही पोरे माळ्यावर लपत असू. आजीच आम्हाला ओढून त्याच्यापुढे उभी करी. दाराला कडुनिंब तसाच असे.

मी तिचा काढा लक्षात ठेवला. आमचे दंड पुढे करण्याची तिची घाई मात्र विसरलो.