पट तिचा, जोडी कुणाची?

मैत्रिणींनो,



जानेवारीत तळेगाव दशासरला शंकरपट भरतो. धामणगाव रेल्वे तालुक्यातलं हे गाव आपल्या अमरावती जिल्ह्यातल्या बहुतेक जणींना ठाऊक आहे, ते या पटामुळेच. इथे बायकांसाठी वेगळी स्पर्धा होते. छकड्यावर बाई बसते, कासरा तिच्या हातात असतो, आणि घड्याळ तिचे सेकंद मोजतं. एरवी धुरकरी म्हटलं की डोळ्यांपुढे पुरुषच येतो. 'बैल हाकणं बाईमाणसाचं काम हाय का?' हे ऐकत वाढलेल्या आपल्यासारख्यांना तो छकडा सुटताना पाहून टाळी वाजवावीशी वाटते. ती जरूर वाजवावी. पण टाळी वाजवून झाल्यावर जो प्रश्न उरतो, त्याबद्दल या अंकात बोलायचं आहे. त्यासाठी आधी एका जुन्या इंग्रजी सिनेमाकडे वळू.

'नॅशनल व्हेल्व्हेट' हा सिनेमा 1944 सालचा. इनिड बॅग्नोल्ड या लेखिकेच्या 1935च्या कादंबरीवर तो बेतला आहे. इंग्लंडमधल्या एका लहान गावातल्या खाटकाची मुलगी व्हेल्व्हेट घोड्यांसाठी वेडी असते. बारा वर्षांच्या एलिझाबेथ टेलरने ही भूमिका केली. व्हेल्व्हेटला सोडतीत एक द्वाड घोडा मिळतो, आणि त्याला ग्रँड नॅशनल या इंग्लंडमधल्या सर्वांत अवघड शर्यतीत उतरवायचं ती ठरवते. आयत्या वेळी जॉकीचं जमत नाही. मग ती केस कापते, मुलाचा वेश घेते, स्वतः घोड्यावर बसते आणि पहिली येते. पुढे ती मुलगी असल्याचं उघड होतं आणि जिंकलेली शर्यत तिच्या हातून जाते. घोडा तोच, धाव तीच. वर बसलेली मात्र मुलगी होती.

आजवर हा सिनेमा मुलांना दाखवायचा एक गोड कौटुंबिक चित्रपट म्हणून पाहिला गेला. आपल्याला मात्र त्यातल्या आईकडे पाहायचं आहे. या आईने तरुणपणी इंग्लिश खाडी पोहून पार केलेली असते. त्या वेळी बक्षीस मिळालेल्या शंभर सोन्याच्या मोहरा तिने माळ्यावरच्या पेटीत जपून ठेवलेल्या असतात.  शर्यतीची प्रवेश फी भरायची वेळ येते तेव्हा आई त्या मोहरा काढून मुलीच्या हातात ठेवते. आयुष्यात एकदा तरी असं वेडं धाडस करायला मिळावं, असं तिचं म्हणणं. ॲन रिव्हिअरला या आईच्या भूमिकेसाठी ऑस्कर मिळालं. मुलीकडे हिंमत होतीच. पण आईची स्वतःची कमाई, तीही आईच्याच ताब्यात, नसती तर ती हिंमत तबेल्यातच राहिली असती.

आता हा सिनेमा तळेगावच्या पटाशेजारी ठेवून पाहा. व्हेल्व्हेटचा घोडा तिचा होता, पण त्यावर बसून धावायला तिला मनाई होती. आपल्याकडे उलट आहे. छकड्यावर बसायला बाईला परवानगी आहे, पण जोडी बहुतेक वेळा तिची नसते. ती सासऱ्याची असते, नवऱ्याची असते, भावाची असते. ज्या वासराला तिने चारापाणी केलं, ज्याचं शेण रोज सकाळी तिने काढलं, पोळ्याला ज्याचे पाय धुऊन तिने नैवेद्य दाखवला, ते मोठं होऊन पटावर उतरतं तेव्हा त्याची ओळख मालकाच्या नावाने होते.

हा प्रश्न पटापुरता नाही. वऱ्हाडातल्या शेतीत निंदण बाई करते, कापूस बाई वेचते, सोयाबीन सोंगायला बाई जाते. वखर, डवरा आणि बैल पुरुषाच्या हाती असतात. बैलाची कामं 'मोठी' म्हणून त्यांची मजुरीही मोठी, आणि वाकून करायची कामं 'हलकी' म्हणून त्यांची मजुरी कमी. सातबाऱ्यावर बाईचं नाव नाही, म्हणून ती शेतकरी नाही. अमरावती, अकोला, यवतमाळ, बुलडाणा, वाशिम या जिल्ह्यांत शेतकरी आत्महत्यांनी जी घरं उघडी पडली, तिथे हे फार क्रूरपणे दिसलं. नवरा गेल्यावर सगळी शेती तिने ओढायची, पण कर्जासाठी आणि मदतीसाठी कागद मागितला की नाव दुसऱ्याचंच. आणि बाईनेच जीव दिला, तर ती 'शेतकऱ्याची बायको'. शेतकरी म्हणून तिचा मृत्यू मोजायचा की नाही, यावरच वाद.

हे बदलायचे प्रयत्न आपल्याच मातीत झाले आहेत. शेतकरी संघटनेचं महिला अधिवेशन 1986 साली चांदवडला झालं. पुढे 'लक्ष्मीमुक्ती'च्या हाकेनंतर अनेक शेतकऱ्यांनी जमिनीचा तुकडा बायकोच्या नावे केला. महाराष्ट्राने 1994 साली वडिलोपार्जित मालमत्तेत मुलीला वाटा देणारी दुरुस्ती केली. 2005 साली ती देशभराच्या हिंदू वारसा कायद्यात आली, आणि हा हक्क मुलीला जन्मानेच मिळतो हे सर्वोच्च न्यायालयाने 2020 साली स्पष्ट केलं. कायदा असा आपल्या बाजूला येऊन उभा आहे. तरी हक्कसोड पत्रावर सही करून येणाऱ्या बहिणी आपल्याच गटांत आहेत. 'भावाशी वाकडं कशाला घ्यायचं, माहेर तुटेल' हे त्यांचं म्हणणं खोटं नाही. म्हणून त्यांना दोष देऊन भागणार नाही. बाईचं माहेर सहीवर टिकून असेल, तर ते माहेर किती तिचं, हे मात्र तिच्याशी बसून बोलावं लागेल.

बैलांबद्दलही बोललं पाहिजे. प्राण्यांचे हाल होतात म्हणून सर्वोच्च न्यायालयाने 7 मे 2014 रोजी बैलांच्या शर्यतींवर बंदी घातली. डिसेंबर 2021मध्ये त्या अटींवर पुन्हा सुरू झाल्या, आणि 18 मे 2023 रोजी घटनापीठाने महाराष्ट्राचा कायदा वैध ठरवला. या सगळ्या वर्षांत परंपरा, गावठी जनावरांची पैदास, शेतकऱ्याचा शौक यावर खूप बोललं गेलं. बंदीमुळे बायकांच्या हातचा कासराही सुटला, हे मात्र आम्हाला तरी फारसं ऐकू आलं नाही. धावायचं आहे का, हे बैलालाही कुणी विचारलेलं नाही. ज्यांना विचारलं जात नाही त्यांच्या रांगेत आपण फार काळ उभ्या होतो. म्हणून आपला आनंद पराणीच्या टोकावर उभा राहू नये, अटी काटेकोर पाळल्या जाव्यात, असा आग्रह पटावरच्या बायकांनीच पहिल्यांदा धरावा.

खुद्द इंग्लंडमध्ये काय झालं? सिनेमातल्या मुलीने 1944 साली जिंकलेल्या ग्रँड नॅशनलमध्ये खरीखुरी बाई, शार्लट ब्रू, प्रथम उतरली ती 1977 साली. त्याआधी, 1975 साली, तिथे स्त्री-पुरुष भेदभावाविरुद्ध कायदा झाला होता. आणि ती शर्यत बाईने, रेचल ब्लॅकमोरने, जिंकली ती 2021 साली. सिनेमाला तोवर पाऊणशे वर्षं उलटून गेली होती. पडद्यावर मुलीने केस कापले आणि दोन तासांत फाटकं उघडली. बाहेर ती उघडायला कायदा, पैसा आणि एकीमागून एक घोड्यावर बसणाऱ्या बायका लागल्या.

तेव्हा या तिमाहीत आपल्या गटांनी तीन कामं करावीत. पहिलं, जिथे बायकांचा पट होतो तिथे आयोजकांना भेटून मागणी करावी की पुकारा धुरकरी बाईच्या पूर्ण नावाने व्हावा आणि बक्षीस तिच्याच खात्यात जावं. दुसरं, बचत गटाच्या कर्जातून जनावर घेतलं असेल तर बैलबाजाराची पावती कुणाच्या नावे फाडली, हे बैठकीत विचारावं. हप्ते ती फेडते आणि पावती त्याची, असं किती घरांत आहे ते मोजून आम्हाला कळवावं. तिसरं, प्रत्येकीने आपल्या घरचा सातबारा एकदा स्वतः काढून वाचावा. सासरचाही आणि माहेरचाही.

व्हेल्व्हेटच्या आईच्या पेटीत शंभर मोहरा होत्या. आपल्या पेटीत आपल्या नावाचा एक कागद असला, तर पोरीला केस कापून पटावर उतरावं लागणार नाही.

आपल्या,
संपादक मंडळ