मोटार, महाग पेट्रोल आणि घरचा हिशेब

आपल्या राळेगाव तालुक्यात एके काळी ज्याच्या दारी उत्तम बैलजोडी, तो गृहस्थ सुखवस्तू समजला जात असे. तो मान आज मोटारीकडे गेला आहे, व त्यात खेद मानण्याचे कारण नाही. मध्यरात्री यवतमाळास किंवा सेवाग्रामच्या रुग्णालयात रोगी न्यावयाचा असता मोटारीची योग्यता काय, हे ज्याच्या घरी ती नाही त्यालाच विचारावे. परंतु मोटारमालकांच्या संभाषणात तीन समजुती वारंवार ऐकू येतात. महाग पेट्रोल तेच उत्तम; जितकी साधने अधिक तितकी मोटार चांगली; आणि विकत घेताना मोजलेली रक्कम हाच मोटारीचा खर्च. या तिन्ही समजुती तपासून पाहिल्या पाहिजेत. कारण त्या चुकीच्या ठरल्या तर त्यांचा दंड मुलांच्या शिक्षणासाठी राखलेल्या पैशांतून भरावा लागतो.

प्रथम पेट्रोलचा विचार करू. पेट्रोलच्या एंजिनात वाफ व हवा यांचे मिश्रण दाबले जाते व मग ठिणगीने पेटविले जाते. दाब फार झाला तर ते मिश्रण वेळेपूर्वी आपोआप पेटते, एंजिनात ठोके ऐकू येतात व त्याची हानी होते. असे अवेळी पेटणे टाळण्याची जी शक्ती पेट्रोलात असते, तिचे माप म्हणजे ऑक्टेन अंक होय. हा अंक वाढला म्हणजे पेट्रोलातील उष्णता वाढली असे मुळीच नाही. इंडियन ऑईलने २०२० च्या डिसेंबरात शंभर ऑक्टेनचे 'एक्सपी-१००' पेट्रोल विक्रीस आणले. 'स्पीड-९७' व 'पॉवर-९९' ही त्याच जातीची नावे आहेत. ज्या एंजिनाची रचनाच अधिक दाबाची आहे, त्यास असे पेट्रोल अवश्य द्यावे. सामान्य पेट्रोलासाठी बांधलेल्या एंजिनास ते देणे म्हणजे ज्याला साधी पेज पुरते त्याला रोज बदामाचा शिरा चारण्यासारखे आहे. काही महाग पेट्रोलांत एंजिन स्वच्छ ठेवणारी द्रव्ये घातलेली असतात, व त्यांचा थोडा उपयोग होतो, हेही न्यायाने सांगितले पाहिजे. तथापि निर्णय मित्राच्या सांगण्यावरून करू नये. मोटारीबरोबर मिळालेल्या पुस्तिकेवरून करावा.

विद्यार्थिमित्रहो, येथे त्रैराशिक उपयोगी पडते. समजा, एक मोटार वर्षास १०,००० किलोमीटर धावते व लिटरास १६ किलोमीटर जाते. तिला ६२५ लिटर पेट्रोल लागेल. लिटरामागे ८ रुपये अधिक मोजले तर वर्षाकाठी ५,००० रुपये अधिक जातील. पुस्तिका महाग पेट्रोल मागत नसेल, तर हे पैसे कशासाठी दिले?

ऑक्टेन व उष्णता या दोन गोष्टी भिन्न आहेत, याचा पुरावा इथेनॉलने दिला आहे. इथेनॉलचा ऑक्टेन अंक पेट्रोलाहून अधिक आहे. परंतु एका लिटरातील उष्णता सुमारे एक तृतीयांशाने कमी आहे. म्हणूनच वीस टक्के इथेनॉल मिसळलेल्या पेट्रोलावर जुन्या धर्तीच्या चारचाकी मोटारी लिटरास सहा ते सात टक्के कमी धावतील, असा अंदाज नीती आयोगाच्या २०२१ च्या अहवालात दिला होता. ऊस व मका पिकविणाऱ्या शेतकऱ्यास या मिश्रणाचा लाभ आहे, हे खरे. पण मोटारमालकाची तक्रारही निराधार नाही, व तिला 'अज्ञान' म्हणून उडवून लावणे उचित नाही.

आता साधनांकडे वळू. काचेचे उघडते छत आज प्रतिष्ठेचे लक्षण झाले आहे. ज्या विदर्भात वैशाखात पारा पंचेचाळीस अंशांच्या आसपास जातो, तेथे डोक्यावर काच घेऊन हिंडण्यात कोणते सुख आहे? याउलट अपघातात फुगून जीव वाचविणाऱ्या हवेच्या पिशव्या, चाके घसरू न देणारा ब्रेक व उत्तम टायर यांची कोणी बढाई मारीत नाही. १ ऑक्टोबर २०२३ पासून आपल्या देशात 'भारत एनकॅप' ही परीक्षा सुरू झाली असून तीत मोटार आदळवून तिला तारे दिले जातात. विकत घेणाऱ्याने प्रथम हे तारे विचारावेत; छताचा प्रश्न मागाहून. वडकीवरून जाणाऱ्या नागपूर-हैदराबाद महामार्गावर प्राण वाचवील तो पट्टा आणि टायर. काचेचे छत नव्हे.

सर्वांत मोठा भ्रम खर्चाविषयी आहे. दुकानातून मोटार बाहेर पडली की तिची किंमत उतरू लागते. पेट्रोलच्या नव्या मोटारीवर महाराष्ट्रात निदान अकरा टक्के रस्ताकर पडतो. मोटार रस्त्यावर काढावयाची तर विमा कायद्याने आवश्यक आहे; १ सप्टेंबर २०१८ पासून नव्या मोटारीचा त्रयस्थ विमा तीन वर्षांचा एकदम घ्यावा लागतो. दुरुस्ती, टायर व कर्जाचे व्याज निराळेच. शहरातील पगारदारास हा भार दरमहा सोसतो. आपल्याकडे मात्र सोयाबीन व कापूस यांचा पैसा दिवाळीपासून फाल्गुनापर्यंत येतो, आणि बँकेचा हप्ता बाराही महिने येतो. ज्येष्ठात बियाणे व हप्ता एकाच दाराशी उभे राहिले, तर कोणास परत पाठवावयाचे? पाऊस लांबला म्हणून हप्ता लांबत नाही.

यावरून मोटार घेऊच नये असा अर्थ कोणी काढू नये. गरज असेल त्याने ती अवश्य घ्यावी. परंतु पीक बुडालेल्या वर्षातही जिचा हप्ता भरता येईल, तेवढीच घ्यावी. पालकांस विनंती एवढीच की, सौदा ठरविण्यापूर्वी एका संध्याकाळी मुलांस जवळ बसवून पाच वर्षांचा सर्व खर्च कागदावर मांडावा. मुलांनी बेरीज करावी, वडिलांनी ती तपासावी. त्यानंतर जी मोटार दारी येईल ती लहान असली तरी घरास जड होणार नाही.