मिंचु दिसला की मोजायला लागा

एप्रिल-मे महिन्यांत दुपारी तीन-चारनंतर आभाळ भरून येते, वारा सुटतो आणि बघता बघता वळीव कोसळतो. निपाणी-चंदगडपासून खानापूर-गोकाकपर्यंत तो सगळ्यांनाच हवाहवासा. उकाडा निवतो, मशागतीला ओल मिळते. पण वळवाबरोबर वीजही येते, आणि तिच्याकडे आपण फारसे गांभीर्याने पाहत नाही. राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाच्या आकडेवारीनुसार २०२२ साली देशात वीज पडून २,८८७ माणसे दगावली. त्यांत बहुतांश खेड्यापाड्यांतली, उघड्यावर काम करणारी.

आपल्या घरांत दोन भाषा नांदतात, त्याचा इथे उपयोग करून घेता येईल. मराठीत चमकते तीही वीज आणि पडते तीही वीज. कन्नडने मात्र शब्द वेगळे ठेवले आहेत. लखलखतो तो मिंचु, गडगडतो तो गुडुगु आणि अंगावर कोसळतो तो सिडिलु. सिडिलु पडण्याआधी जो वेळ हातात असतो, तो मिंचु आणि गुडुगु यांच्यामधल्या अंतरावरून ओळखायचा.

प्रकाश तत्काळ दिसतो. आवाजाला मात्र एक किलोमीटर यायला सुमारे तीन सेकंद लागतात. म्हणून मिंचु दिसला की एक, दोन, तीन असे मोजायला लागा. तीस होण्याआधी गडगडाट ऐकू आला, तर वीज दहा किलोमीटरच्या आत आहे. हातातले काम टाकून पक्क्या घरात जा. शेवटच्या गडगडाटानंतरही अर्धा तास बाहेर पडू नका. पाऊस थांबला म्हणजे वीज गेली असे नसते. वीज कडाडली की कन्नड घरांत मुलांना अर्जुनाची दहा नावे घ्यायला सांगतात. जरूर घ्यावीत, मुलांना धीर येतो. पण ती घरात बसून घ्यावीत.

आपल्या मायबहिणींचा जीव या दिवसांत गच्चीवर अडकलेला असतो. पापड, कुरडया, सांडगे, लाल मिरची सारे उन्हात पसरलेले. पहिला गडगडाट झाला की सगळ्या वर धावतात. नेमक्या त्या वेळी गच्चीवर त्याच सगळ्यांत उंच असतात. अक्का, वहिनी, संडिगे भिजले तर पुन्हा घालता येतील. ढग जमू लागले तेव्हाच, पहिल्या आवाजाआधी, वाळवण खाली आणा. टीव्ही-फ्रिजचे प्लगही त्याच वेळी काढा. वीज कडाडत असताना आंघोळ, धुणे आणि तारेचा फोन टाळा.

शेतात असाल तर आंब्या-चिंचेखाली आसरा घेऊ नका. झाडावर पडलेली वीज खोडावरून शेजारच्या माणसावर उडी मारते आणि जमिनीतूनही पसरते. म्हणूनच झाडाखाली बांधलेली गुरे एकदम दगावतात. भिंती नसलेली पत्र्याची शेड उपयोगाची नाही. काचा लावलेली मोटार किंवा बस चालेल. जवळ काहीच नसेल तर एकमेकांपासून लांब, पाय जुळवून उकिडवे बसा. आडवे पडू नका. ज्यांच्या शेतात मजूर कामाला असतात, त्या मालकांनी पहिल्या गडगडाटालाच सुट्टी द्यावी. 'एवढी ओळ संपवा' हे वाक्य त्या दिवशी महागात पडू शकते.

पायाळू माणसावर वीज पडते, ही आपल्याकडची जुनी समजूत. तिला कसलाही आधार नाही; वीज जन्म पाहत नाही, उंची आणि उघडी जागा पाहते. दुसरी समजूत अधिक घातक, की वीज पडलेल्याला शिवले तर धक्का बसतो. त्याच्या अंगात वीज उरलेली नसते. श्वास थांबला असेल तर लगेच छाती दाबायला सुरुवात करा आणि १०८ ला फोन लावा. तुटून पडलेल्या तारेची गोष्ट वेगळी. तिच्या जवळ जाऊ नका. हेस्कॉम असो वा महावितरण, १९१२ वर कळवा.

पुण्याच्या भारतीय उष्णदेशीय हवामानशास्त्र संस्थेचे 'दामिनी' ॲप मोबाइलवर जवळच्या विजेची सूचना देते. घरातल्या मुलांना सांगून ते उतरवून घ्या. आणि रेंज गेलीच, तर मोजणी आहेच. ती आजीला मराठीत येते, नातवाला कन्नडमध्ये. कोणत्याही भाषेत मोजा, पण तीसच्या आत घर गाठा.