शिंगांचे गुण

अमेरिकेतील बून अँड क्रॉकेट क्लबाने १९५० मध्ये हरणांच्या शिंगांना गुण देण्याची पद्धत ठरविली. शिकारीनंतर साठ दिवस सुकविलेली शिंगे पोलादी फितीने इंचाच्या अष्टमांशापर्यंत मोजावयाची. डावे-उजवे असमान भरल्यास गुण कापावयाचे. यातून कळपांचे आरोग्य कळते, असे समर्थन केले जाते. आम्हांस ते पटत नाही. हरणाची शिंगे दरवर्षी आपोआप गळतात. अभ्यासच करावयाचा तर ती वेचून मोजावीत. परंतु या नोंदवहीस गळलेली शिंगे चालत नाहीत, कवटीला जडलेलीच लागतात! गळलेले शिंग हे हरणाने रानाला दिलेले दान. गोळी घालून कवटीसह उतरविलेले ते लुटीचे धन. लुटीची प्रतवारी लावण्यास विद्या म्हणणे आम्हांस मान्य नाही.